कव्वालाचा गळा, कव्वालाचे वय

नांदेड-लातूरकडे उरसात कव्वालीची रात्र झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात एक वाक्य हमखास कानी पडते. ‘अब वो बात नहीं रही.’ आदल्या रात्री गायलेला कव्वाल साठीच्या पुढचा असला, तर हे वाक्य ठरलेलेच. मग कोणी त्याची तीस वर्षांपूर्वीची रात्र सांगतो, कोणी मोबाईलवर त्याचे जुने ध्वनिमुद्रण लावून दाखवतो, आणि चहा संपेपर्यंत निकाल लागलेला असतो. म्हातारा थकला, तरुणपणी गाजवले ते गाजवले. या गप्पा रिकाम्या वाटतात. पण पुढच्या वर्षी उरूस कमिटी कोणाला बोलावणार, किती बिदागी देणार, कोणाला किती वेळ गाऊ देणार, हे सारे अशाच निकालावर ठरते. म्हणून हा निकाल एकदा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते. बुजुर्ग कव्वाल आज मैफलीत चांगला गातो, की आपल्या तरुणपणीच तो चांगला गात होता?

माझे मत आधीच सांगून टाकतो. केवळ गळ्याचा प्रश्न असेल, तर तरुणपण श्रेष्ठ, यात वाद नाही. परंतु कव्वालीचा प्रश्न असेल, तर ज्याची पार्टी शाबूत आहे आणि ज्याला पुरेसा वेळ मिळतो आहे, असा बुजुर्ग कव्वाल आपल्या तरुणपणापेक्षा सरस गाऊ शकतो. तो तसा गाताना आज क्वचितच ऐकू येतो, याची कारणे त्याच्या वयापेक्षा आपल्या मैफलींच्या रचनेत जास्त आहेत.

*

आपला हा भाग कव्वाली कुठून शिकला, ते आधी पाहू. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. व्यापार, शिक्षण, दवाखाना, कचेरी, सगळ्यासाठी तोंड हैदराबादकडे. साहजिकच कानही तिकडेच लागलेले. हैदराबादच्या दर्ग्यांतली कव्वाली ही घराण्याची कव्वाली. अझीझ अहमद खान वारसी हे तिथले थोर नाव. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नातू नझीर आणि नसीर अहमद खान ‘वारसी ब्रदर्स’ म्हणून गाऊ लागले आणि २०१४ च्या संगीत नाटक अकादमी पुरस्काराचे मानकरी ठरले. निजामाच्या आश्रयाला असलेले मुन्शी रझीउद्दीन संस्थान गेल्यावर पाकिस्तानात गेले. त्यांचे पुत्र फरीद अयाझ आणि अबू मुहम्मद यांना आज जग ओळखते.

दुसरा झरा मुंबईचा. १९५८ साली ‘अल हिलाल’ या चित्रपटातल्या कव्वालीने इस्माईल आझाद यांचे नाव घरोघरी पोचवले. त्यांच्याच पार्टीत तयार झालेले अझीझ नाझां पुढे ‘चढता सूरज’ आणि ‘झूम बराबर’ने गाजले. जानी बाबू, युसूफ आझाद, रशीदा खातून, शकीला बानो भोपाली ही सगळी नावे आपल्याकडे आधी तबकडीवर, मग कॅसेटवर आली. १९६० च्या ‘बरसात की रात’ने कव्वालीचा मुकाबला पडद्यावर दाखवला आणि मंचावरच्या मुकाबल्यालाही एक नमुना मिळाला.

कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा उरूस असो, की लातूरच्या सुरत शाहवली दर्ग्याचा, आपल्या श्रोत्याचा कान या दोन झऱ्यांवर पोसलेला आहे. त्याला हैदराबादचा ठहराव हवा असतो आणि मुंबईची धडाडीही. एकाच कव्वालाकडून तो दोन्ही मागतो, आणि वयाच्या कोणत्या टप्प्यावर कोणती गोष्ट मागावी, याचा विचार सहसा करीत नाही.

*

‘पूर्वी चांगले गात होता’ असे म्हणताना आपण नेमकी कशाशी तुलना करतो? बहुतेक वेळा कॅसेटशी. तबकडीच्या काळात एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. कव्वाली तेवढ्यात बसवायची म्हणजे आलाप कापायचा, गिरह कापायची, कडवी निवडायची. लांब चालणाऱ्या तबकडीने आणि नंतर कॅसेटने जागा वाढवली. पण तिथेही गाणे स्टुडिओत होई, चुकले तर पुन्हा होई, वादकांची संख्या हवी तेवढी असे आणि आवाजावर संस्कार करायला यंत्र असे. म्हणजे त्या कव्वालाच्या तरुणपणातली निवडक वीस मिनिटे आपल्या घरी आली. उरसाच्या मैदानावर, धुळीत, दोन भोंग्यांच्या कर्कश आवाजात तो तरुणपणी कसा गात होता, याचा पुरावा फार थोड्यांजवळ असतो. आणि आज आपण त्याच्या कॅसेटमधल्या गळ्याची तुलना त्याच्या मैदानातल्या गळ्याशी करतो. ही तुलना त्या माणसाने पंचविशीतही हरली असती.

दुसरी गोष्ट आठवणीची. तीस वर्षांपूर्वीची ती रात्र सांगणारा श्रोता तेव्हा स्वतः वीस-बावीसचा होता. पहाटेपर्यंत जागणे त्याला जड नव्हते. मित्रांबरोबर ट्रकमध्ये बसून तो कंधारला आला होता. त्या रात्रीचा आनंद खरा होता, पण त्यातला किती वाटा कव्वालाचा आणि किती श्रोत्याच्या वयाचा, हे वेगळे काढणे कठीण. टीकाकाराने अशा साक्षीचा मान ठेवावा. निकाल मात्र तिच्यावर देऊ नये.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्यांच्या गळ्यावरून आपण कव्वालीचे माप ठरवले, त्यांतल्या अनेकांचे म्हातारपण आपल्याला ऐकायलाच मिळाले नाही. अझीझ नाझां १९९२ साली गेले, चोपन्नाव्या वर्षी. नुसरत फतेह अली खान १९९७ साली अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले. मंचावरचा आणखी एक बुलंद आवाज, बार्शीचे शाहीर अमर शेख, यांचा जन्म १९१६ चा आणि मृत्यू १९६९ चा. साठीतले नुसरत कसे गायले असते? पट्टी उतरवून, तानांचा पाऊस थांबवून त्यांनी एखादी हम्द कशी रंगवली असती? आपल्याजवळ उत्तर नाही. आपले आदर्श भर उमेदीत थांबले आणि म्हणून आपली मापेही उमेदीचीच राहिली. त्या मापाने बुजुर्गाला मोजले, तर तो कमीच भरणार.

*

आता वयाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वय काय हिरावून घेते? आधी दम. एका श्वासात जी तान पूर्ण होत होती, तिला मध्ये तोडावे लागते. मग वरचे स्वर. काळी चारमध्ये सहज फिरणारा गळा काळी दोनवर उतरतो आणि तार षड्जावर थरथरतो. तानेचा वेग कमी होतो. मांडी घालून तीन-चार तास बसणे गुडघ्यांना झेपत नाही. हार्मोनियमवरची बोटे आणि तोंडातला बोल यांची जुळणी ढिली पडते. वयाने गाणे नेहमीच पक्व होते, असा एक गोड समज आपल्याकडे आहे; तो मला मान्य नाही. काही बुजुर्ग कव्वाल ऐकताना खरोखर वाईट वाटते. रुमालाने घाम पुसत, तीस वर्षांपूर्वीच्याच पट्टीत, तेच गाजलेले गाणे ते ओढत राहतात. टाळ्या पडतात, पण त्या आठवणीला पडतात.

विशेषतः मुकाबल्याच्या कव्वालीत वय उघडे पडते. मुकाबला हा दमाचा, आवाजाच्या उंचीचा, हजरजबाबीपणाचा आणि अदाकारीचा खेळ आहे. समोरच्या पार्टीने लय वाढवली, की आपण अधिक वाढवायची. यात हजरजबाबीपणा सोडला, तर बाकी सगळे तरुणाच्या बाजूचे. ‘चढता सूरज’सारखी रचना घ्या. शायर कैसर रत्नागिरवी यांची ती नज्म अझीझ नाझांनी ज्या चढत्या लयीत, ज्या पुकारात गायली, ती तशी गायला मजबूत छाती लागते. २०१७ च्या ‘इंदू सरकार’ चित्रपटात त्यांच्या मुलाने, मुज्तबा अझीझ नाझां यांनी, ती पुन्हा गायली, ती याच वाटेने. अशा गाण्याला तरुणपणच हवे.

गायिकेच्या बाबतीत तर आपण अधिक निष्ठुर असतो. मंचावरच्या अदाकारीने शकीला बानो भोपाली यांनी बायकांसाठी या क्षेत्राचे दार उघडले. त्यांचे निधन २००२ साली झाले. त्यांच्या वाटेने आलेल्या गायिकांचे गळ्याचे वय मोजण्याआधी चेहऱ्याचे वय मोजले जाते. पुरुष कव्वालाची पांढरी दाढी त्याला ‘उस्ताद’ करते. बाईचे पांढरे केस तिचा कार्यक्रम रद्द करतात. बुजुर्गांच्या गाण्याची चर्चा करताना ही गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. कव्वालीत बुजुर्ग गायिका आज आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. मग ती चांगली गाते की वाईट, हे ठरवणार कशावरून?

*

वय देते काय, ते आता पाहू. कव्वालीतली सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे गिरह. मूळ कलाम चालू असताना कव्वाल मध्येच दुसऱ्या शायराचा शेर, एखादा दोहा, एखादी फारसी ओळ आणून बांधतो आणि पुन्हा मूळ ओळीवर येतो. ती गाठ नेमकी बसली, तर मूळ ओळीचा अर्थच पालटतो आणि श्रोता जागेवरून उठतो. गिरह पाठ करून येत नाही. हजार शेर जवळ असावे लागतात आणि त्यांतला नेमका कोणता, नेमका या क्षणी, नेमका या श्रोत्यासाठी, हे सुचावे लागते. पंचविशीतला कव्वाल उस्तादाने दिलेल्या गिरहा लावतो. साठीतला स्वतःच्या लावतो. दोन्ही ऐकताना फरक लगेच कळतो.

गिरहेइतकीच महत्त्वाची आहे तकरार, म्हणजे एकाच ओळीवर, एकाच शब्दावर थांबून तो पुन्हा पुन्हा म्हणणे. किती वेळा म्हणावा? एखाद्याला हाल आला, तर कोणता शब्द सोडायचा नाही? मैफल थंड पडली, तर कलाम मध्येच बदलायचा की आणखी दोन आवर्तने थांबायचे? रेगुला कुरेशी या विदुषीने दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन दर्ग्यातल्या कव्वालीचा अभ्यास करून १९८६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कव्वाल आपले गाणे समोरच्या श्रोत्याकडे पाहून क्षणाक्षणाला घडवत असतो, हे त्यांनी त्यात बारकाईने दाखवले. आपल्याकडच्या कोणत्याही मुजावराला हे ठाऊक असते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपण काढत नाही. कव्वाली जर श्रोता वाचण्याची कला असेल, तर चाळीस वर्षे श्रोते वाचलेला माणूस त्यात पुढे असणार.

दम कमी पडणे हे नेहमी उणेच असते असेही नाही. मराठी वाचकाला कुमार गंधर्वांचे उदाहरण सांगायला नको. क्षयाने एक फुप्फुस निकामी केले, वर्षानुवर्षे गाणे बंद राहिले, आणि पुन्हा गायला लागले तेव्हा त्यांनी लहान, नेमक्या, टोकदार स्वरवाक्यांची गायकी उभी केली. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. म्हणजे प्रश्न वयाचा नव्हता, उणीव कशी वापरायची याचा होता. विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ म्हातारपणी ज्या ताकदीने उभे केले, ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. पांढऱ्या केसांचा हा शाहीर द्रौपदी होत असे आणि प्रेक्षकांना ती द्रौपदी दिसत असे. २०१० साली नागपुरात रंगमंचावरच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा एकोणऐंशी होते. आवाज तरुणपणीचा राहिला होता का? नव्हता. पण आख्यानाला जो आवाज हवा होता, तो होता.

मुशायऱ्यातही हेच दिसते. तरुणपणी तरन्नुममध्ये वाहवा मिळवणारा शायर पुढे तहतकडे वळतो, शेर बोलून म्हणतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या शेरातले शब्द आपल्याला नीट ऐकू येतात. कव्वालाने असे वळण घेतले, तर मात्र आपण म्हणतो, थकला.

*

या सगळ्यात एक गोष्ट आपण सतत विसरतो. कव्वाल एकटा गात नाही. ख्यालगायक म्हातारा झाला, तर त्याची उणीव झाकायला तानपुऱ्यावर बसलेला शिष्य असतो, इतकेच. कव्वालीत तर अख्खी पार्टीच असते. हमनवा, दुसरा आवाज, हार्मोनियम, ढोलक किंवा तबला, मागची टाळी. गाणे या सगळ्यांच्या खांद्यावर असते. बुजुर्ग कव्वाल ओळ मांडतो, तान पुतण्या घेतो, वरचा स्वर धाकटा भाऊ लावतो, आणि बुजुर्ग पुन्हा येऊन गिरह लावतो. अशा पार्टीत म्हाताऱ्याचा आवाज घरातल्या थोरल्यासारखा असतो. तो कमी बोलतो आणि त्याचे ऐकले जाते.

साबरी बंधूंकडे पाहा. गुलाम फरीद साबरींचा तो खोल, खर्जातला अल्लाहचा पुकार आणि मकबूल साबरींचा मधाळ, वर जाणारा गळा, या दोन आवाजांच्या मधल्या अंतरात त्यांची कव्वाली राहत होती. १९९४ साली थोरले गेले. मकबूल साबरी त्यानंतरही गात राहिले. २०११ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा गळा चांगला होता, पण ऐकणाऱ्याला सतत कोणाची तरी वाट पाहिल्यासारखे होई. तिथे वयाने काही बिघडवले नव्हते. पार्टीतली एक जागा रिकामी झाली होती. याच्या उलट उदाहरण फरीद अयाझ यांचे. २०११ साली पाकिस्तानच्या कोक स्टुडिओत त्यांनी ‘कंगना’ गायली, तेव्हा ते साठीला टेकलेले होते. भाऊ अबू मुहम्मद शेजारी आणि घरची पार्टी सोबत. कुठे स्वतः गायचे, कुठे नुसता हात उचलून इतरांना सोडायचे, कुठे सरगमेत शिरायचे, हे त्यात ऐकण्यासारखे आहे. हे गाणे पंचविशीत सुचणारे नव्हे.

नुसरत फतेह अली खानांचीही गोष्ट अशीच वाचता येते. वडिलांच्या चाळिसाव्याला, १९६४ साली, ते पहिल्यांदा लोकांसमोर गायले. १९७१ साली चुलते मुबारक अली खान गेल्यावर पार्टीची धुरा त्यांच्याकडे आली. १९८५ साली इंग्लंडातल्या वोमॅड महोत्सवात त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना थक्क केले. पण त्या साऱ्या प्रवासात शेजारी हार्मोनियमवर भाऊ फारुख, तबल्यावर दिलदार हुसेन आणि मागे बसून शिकणारा पुतण्या राहत होता. नुसरतचा गळा अलौकिक होताच. त्याला झेप घ्यायला जमीन पार्टीने दिली.

पाश्चात्त्य बँडशी तुलना केली, तर आपल्या कव्वालीची सोय लक्षात येते. रोलिंग स्टोन्स हा बँड १९६२ साली लंडनमध्ये सुरू झाला. एप्रिल २००३ मध्ये तो मुंबईत येऊन गेला. त्यांचा गायक मिक जॅगर २०२४ साली, ऐंशीव्या वर्षी, अमेरिकेत दौरा करीत होता. त्याच्या श्रोत्याला मात्र तबकडीवरचेच गाणे, त्याच धाटणीत हवे असते. म्हाताऱ्या शरीराने तरुण गाणे रोज नव्याने उभे करायचे, ही त्यांची कसोटी. कव्वालाला अशी सक्ती नाही. त्याचा कलाम रोज नव्या क्रमाने, नव्या लांबीने, नव्या गिरहांनी बांधता येतो. पट्टी उतरवली तर कोणताही नियम मोडत नाही. कव्वालाला वय झेलण्याची जेवढी मोकळीक आहे, तेवढी क्वचितच कोणत्या गायकाला असेल.

मग ही मोकळीक त्याच्याकडून कोण काढून घेते? फर्माईश. बुजुर्ग कव्वाल हम्द, कौल, नात म्हणून मनकबतीकडे वळत असतो, गळा तापत असतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतून चिठ्ठी येते. गाजलेले गाणे हवे. सोबत नोटा उधळल्या जातात. नकार द्यायचा तर पैसे जातात आणि माणसे उठतात. मग तो काळी चारला हात घालतो आणि तिथेच हरतो. सकाळी चहाच्या हॉटेलात निकाल लागतो, तो या पाच मिनिटांचा.

*

आणखी दोन गोष्टींचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एक वेळ, दुसरी भाषा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी कडक केली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकारने परवानगी दिली, तर बारापर्यंत. नियम योग्यच आहे. दवाखान्यातल्या रोग्याला, परीक्षेच्या पोराला, तान्ह्या लेकराला झोप हवी. पण त्याचा मैफलीवर काय परिणाम झाला, हे टीकाकाराने नोंदवले पाहिजे. पूर्वी इशाच्या नमाजनंतर बैठक सुरू होई आणि फजरच्या आधी रंग म्हणून संपे. म्हातारा गळा उशिरा तापतो. पहिला तास त्याचा खर्जात, बोलण्यासारख्या गाण्यात जाई आणि मध्यरात्रीनंतर तो खुलत असे. आता आठला मंचावर चढायचे, सत्कार आणि भाषणांत पाऊण तास घालवायचा आणि दहाला पोलीस यायच्या आत गाजलेली तीन गाणी उरकायची. अशा घाईत तरुण गळा तगतो. बुजुर्गाचे पहिले दीड तास कापून टाकले, की त्याचे गाणेच उरत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये तर महामारीमुळे उरूसच बंद राहिले. या धंद्यात महिन्याचा पगार नसतो. ज्या पार्ट्या त्यात मोडल्या, त्यांतले टाळीवाले आणि ढोलकवाले दुसऱ्या कामाला लागले. पार्टी मोडलेला बुजुर्ग कव्वाल भाड्याची माणसे घेऊन बसतो, तेव्हा त्याच्या गाण्यातली उणीव वयाची म्हणून खपते.

भाषेचे दुखणे याहून खोल आहे. गिरह लागते ती श्रोत्याला ओळ कळली तर. नांदेड-लातूरच्या मुस्लिम घरांत दखनी बोलली जाते, अनेक मुले मराठी शाळांत शिकतात, उर्दू वाचता येणारे प्रत्येक पिढीत कमी होतात आणि फारसी तर मूठभरांपुरती उरली. बुजुर्ग कव्वालाचे सर्वांत मोठे धन म्हणजे त्याच्या डोक्यातले शेर. ते तो पुढे करतो आणि समोर शांतता असते. तरुण कव्वालाला ही अडचण नाही, कारण तो आवाज आणि ताल यांवर मैफल जिंकतो. त्याला शब्द समजले जाण्याची गरजच कमी.

याच मातीत याच्या उलटे चित्रही आहे. आंबेडकर जयंतीला आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मराठी कव्वालीचे सामने होतात. ढोलक तीच, टाळी तीच, सवाल-जवाबही तेच. भाषा मात्र श्रोत्याच्या घरातली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाने (१९३३-२००४) ती परंपरा गावोगाव नेली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली. तिथे थोरल्या गायकाने एखादा टोला हाणला, की तो शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळतो. म्हणून तिथे म्हाताऱ्या गायकाला आवाज बसला तरी माणसे ऐकतात. त्यांना त्याचे म्हणणे ऐकायचे असते. उर्दू कव्वालीच्या बुजुर्गानेही कलामाचा अर्थ दोन वाक्यांत दखनीत, नाहीतर मराठीत सांगायला लाजू नये. काही जण सांगतातही, आणि तेवढ्याने मैफल बदलते.

*

बुजुर्गाच्या मैफलीचा निकाल द्यायचा, तर माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. त्याने आज आपल्या वयाची पट्टी धरली, की तरुणपणीची? त्याच्या गिरहा आजच्या मैफलीसाठी होत्या, की ठरलेल्या? आणि त्याने पार्टीला गाऊ दिले, की सगळे स्वतःच ओढले? या तिन्ही प्रश्नांवर उतरलेला साठीचा कव्वाल आपल्याच तिशीतल्या कॅसेटपेक्षा वरचढ असतो, असे मी ऐकलेल्या मैफलींवरून बिनदिक्कत म्हणेन. न उतरलेल्याने तरुणांना जागा द्यावी, हेही तेवढ्याच स्पष्टपणे म्हणेन.

उरूस कमिट्यांना एक सुचवणे आहे आणि ते खर्चाचे नाही. मुकाबल्याची रात्र खुशाल ठेवा. ती तरुण पार्ट्यांची असू द्या. पण उरसातली एक बैठक बुजुर्ग कव्वालासाठी वेगळी काढा. दर्ग्याच्या दालनात, ध्वनिक्षेपकाशिवाय, असरपासून मगरिबपर्यंत किंवा इशानंतर, शंभर-दीडशे माणसांपुढे. ध्वनिक्षेपक नसला, तर त्याच्या वेळेच्या नियमाची अडचण येत नाही आणि म्हाताऱ्या गळ्याला मैदान भरण्याची सक्ती राहत नाही. पहिला तास चिठ्ठी नको, नोटा नको. मागच्या रांगेत गावातल्या चार तरुण पोरांना टाळीला बसवा आणि एखाद्याने मोबाईलवर का होईना, पूर्ण बैठक ध्वनिमुद्रित करून ठेवावी. ज्या शेरांवर तो गिरह लावेल, ते शेर कोणीतरी वहीत उतरवून घ्यावेत. निझामी काळातल्या घराण्यांकडून जे ऐकलेले आहे, ते सांगू शकणारे आता फार नाहीत, आणि त्यांना पुढच्या उरसापर्यंत थांबवून ठेवणे आपल्या हातात नाही.